मयेकरांची बादली

“मग यातलं कोणतं, बुवा?”

मैथिलीने तिसऱ्यांदा विचारलं.

पडवीच्या कठड्यावर काचेच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीत गांडूळखत, दुसरीत जुनं शेणखत, तिसरीत शहरातल्या ओल्या कचऱ्याचं खत. प्रत्येकीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि आकडे.

भिकूबुवा खाली बसून झावळीचे हीर काढत होते. कोयती पातीवरून सर्रकन फिरे आणि एक हीर सुटून त्यांच्या मांडीशी पडे.

“बाटल्या चांगल्या आहेत,” ते म्हणाले.

“बाटल्या नाही हो. खत.”

“घट्ट झाकणं पण आहेत.”

मैथिलीने एका बाटलीची चिठ्ठी त्यांच्याकडे वळवली.

भिकूबुवा खाडीवरच्या मठात एकटे राहत. मठ म्हणजे एक समाधी, एक पडवी, एक चूल आणि आठ माड. कुणी त्यांना महाराज म्हटलं तर ते मागे वळून बघत, कोण आलं म्हणून.

मैथिली मयेकर खालच्या गावातली. माती शिकायला चार वर्षं हॉलंडला होती. आई लहानपणीच गेलेली. वाढवलं ते बापाने. एसटी स्टँडसमोर मधू मयेकरांची खानावळ होती. तिच्याच धुरात ती वाढली. गेल्या वैशाखात मधू मयेकर गेले तेव्हा मैथिलीची परीक्षा चालू होती. अग्नी दिला चुलतभावाने. तिने तो फोनवर पाहिला.

माघात ती परत आली. आता शिमगा होऊन गेला होता.

“बुवा, मी पुन्हा सांगते,” ती म्हणाली. “बाबांच्या वर्षश्राद्धाला मला इथे झाड लावायचंय. मठामागे. ते रोज इथे यायचे म्हणून. आल्या आल्या आंब्याचं कलम लावलं, ते वाळलं. मग बकुळ लावली, तीही गेली. तिसरं मरता कामा नये.”

“का मेली?”

“मातीमुळे. वर हातभर माती, खाली जांभा दगड. त्या मातीत जीवच नाही. म्हणून तर विचारते आहे, कोणतं खत?”

भिकूबुवांनी एक हीर बोटावर वाकवून पाहिला.

“बादली आण,” ते म्हणाले.

“कसली बादली?”

“तुझ्या घरची. खरकट्याची.”

मैथिली हसली. या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं.

“माझ्या घरी खरकटं होत नाही, बुवा. कचराही होत नाही. शून्य.”

“शून्य?”

“मोजून आणते, मोजून शिजवते. काही उरतच नाही. तिकडे आम्ही चौघींनी वर्षभर असं काढलं. अख्ख्या वर्षाचा कचरा एका बरणीत मावला.”

भिकूबुवांनी कोयती खाली ठेवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“अरेरे,” ते म्हणाले.

“अरेरे काय? चांगलं आहे ते.”

“म्हणजे मातीला द्यायला तुझ्याकडे काहीच नाही?”

…

ती बाटल्या तिथेच सोडून तरातरा घाटीची वाट उतरली. म्हाताऱ्याला विज्ञान कळत नाही, असं तिने अर्ध्या घाटीपर्यंत स्वतःला पटवलं. उरलेल्या अर्ध्या घाटीत ते पटेना.

खानावळीच्या मागच्या दाराशी बापाची सायकल उभी होती. हँडलच्या दोन बाजूंना दोन पत्र्याच्या बादल्या. दुपारची शेवटची पंगत उठली की मधू मयेकर या बादल्या भरून मठात नेत. बावीस वर्षं. बादलीवर लाल रंगात ‘मयेकर’ लिहिलेलं होतं. एका बादलीवरचा म झिजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मैथिली तीच बादली घेऊन मठात आली.

“येकर!” भिकूबुवांनी मोठ्याने वाचलं. “बरीच जमीन घेतलीस गो.”

मग त्यांनी आत डोकावलं. तळाशी दोन चमचे चहाचा चोथा होता.

“चहा एकटीने प्यालीस.”

“हो.”

“दूध घातलं नाहीस.”

“नाही… कसं कळलं?”

“पावडर कशी सुटी सुटी आहे बघ. जेवलीस काय?”

“ओट्स.”

“ते काय असतं?”

“एक धान्य. पाण्यात भिजवून…”

“घोडे खातात ते?”

“…हो.”

“घोडा तरी चार दाणे सांडतो, गो.”

त्यांनी बादली उचलली. पडवीमागे गेले. तिथे जमिनीत कमरेइतका खोल एक खड्डा होता, आणि तो जवळजवळ रिकामा होता. दोन चमचे चोथा त्यांनी असा ओतला, जणू बादली काठोकाठ भरली आहे. वर मूठभर सुकी पानं टाकली. बादली विसळली. विसळलेलं पाणीही खड्ड्यातच गेलं.

“उद्या ये,” ते म्हणाले.

“या उकिरड्यातून झाडाचं खत होणार?”

“का? तुमच्यात याला काय म्हणतात?”

“कंपोस्ट.”

“बरं. कंपोस्ट म्हणू. त्याला काय, तो थोडाच ऐकतोय.”

ती दुसऱ्या दिवशी आली. केळ्याची दोन सालं.

तिसऱ्या दिवशी पपईची साल आणि बिया.

चौथ्या दिवशी कांद्याची टरफलं होती. भिकूबुवांनी त्यातलं एक उचलून उन्हात धरलं.

“कांदा चिरलास.”

“हो.”

“डोळ्यांना पाणी आलं?”

“नाही. मी कांदा आधी गार करून घेते, म्हणजे डोळे झोंबत नाहीत. तिकडे शिकले.”

“हं,” भिकूबुवा म्हणाले. “माणसं काय काय शिकतात.”

आठवडाभरात तिने खड्डा आपल्या ताब्यात घेतला. काठाशी सुक्या पानांचा ढीग केला, ओल्याच्या तिप्पट सुकं असा नियम लावला, लांब दांड्याचा थर्मामीटर आणला. भिकूबुवांनी काही अडवलं नाही.

“तुझा बाप पण ओल्यावर सुकं पसरायचा,” ते एकदा म्हणाले. “आकडा नाही सांगायचा.”

एक दिवस तिने थर्मामीटर वर काढला, पाहिला आणि चिडून पुसला.

“तापत नाही.”

“कोण?”

“खड्डा. आत ऊब धरली तरच सगळं कुजतं. निदान कमरेएवढा ढीग हवा. एवढ्याशा मालात ऊब धरत नाही.”

“मग?”

“मग जास्त खरकटं हवं.”

“मग?”

“…माझ्या एकटीचं एवढं होत नाही, बुवा.”

भिकूबुवांनी हीर गोळा करून त्यांचा खराटा बांधायला घेतला. सुंभाचा वेढा आवळला. गाठ मारली. खराटा उभा आपटून बुडखा सारखा केला.

मग पडवी झाडायला लागले.

खाली स्टँडवर रेडकर पोस्टमन वडापाव खात उभे होते. सोळा वर्षं ते दुपारचे मयेकरांकडे जेवत. खानावळ बंद झाली तेव्हापासून उभ्यानेच खात.

“रेडकरकाका,” मैथिली म्हणाली, “उद्या जेवायला या.”

“आज अचानक? कुणाचं काय आहे?”

“कुणाचं काही नाही. मला खरकटं हवंय.”

रेडकरांनी वडापाव कागदात गुंडाळला.

“पोरी, जेवायला बोलवायची ही रीत मयेकरांची नव्हे.”

“…या ना, काका.”

“आता कसं.”

ते आले, आणि सोबत दोघांना घेऊन आले. दवाखान्यातले कंपाउंडर आणि स्टँडचे कंट्रोलर. मैथिलीने बापाचं मोठं पातेलं पहिल्यांदा खाली काढलं. भात खाली लागला. आमटी पातळ झाली. तिघांनी एक घास घेतला आणि तिघांचे हात एकाच वेळी थांबले.

“मीठ?” रेडकर म्हणाले.

“मी कमीच घालते. जास्त मीठ चांगलं नाही.”

“कमी आणि नाही, यात फरक असतो पोरी.”

तिने मीठ आणलं. तिघे पोटभर जेवले. उठताना कंट्रोलर म्हणाले, “उद्या काय?”

उद्या? तिने उद्याचा विचारच केला नव्हता.

उद्या शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. परवा बांगडा. चैत्राच्या शेवटी दुपारचे अकरा जण येऊ लागले. मैथिली पहाटे उठून खोबरं खवू लागली. बाटल्या एक दिवस ती मठातून परत घेऊन गेली. खत खड्ड्यात ओतलं आणि बाटल्या धुऊन एकीत मोहरी भरली, एकीत मेथी, एकीत हळद.

“झाकणं चांगलीच होती,” भिकूबुवा म्हणाले.

आता बादली एका हाताने उचलत नसे. भिकूबुवा रोज ती वाकवून बघत, पत्र वाचावं तसे.

“दुधीचा देठ. जून होता, फसवलं तुला भाजीवाल्याने.”

“हो.”

“अंड्याची टरफलं. कंपाउंडरचा अंड्याचा वार, शुक्रवार.”

“हो.”

“आणि हे पानात गुंडाळून लपवलंस ते काय?”

“बांगड्याचे काटे. म्हटलं मठ आहे… चालेल की नाही.”

“माडाने कुठे माळ घातलीय?”

पण एक गोष्ट तिने सोडली नव्हती. बादलीत फक्त चिरलेलं, सोललेलं येई. ताटातलं उष्टं ती वेगळं काढी आणि स्टँडमागच्या कचऱ्यात टाकी. भिकूबुवांना ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

“अकरा माणसं जेवतात. एकाच्याही पानात काही राहत नाही?”

“राहतं. पण ते खड्ड्यात नको. शिजलेलं, तेलकट, खारट. सगळ्यात वाईट म्हणजे मीठ. मीठ म्हणजे मातीचं विष, बुवा! मिठाने शेतंच्या शेतं ओसाड झालीत. मी चार वर्षं हेच शिकलेय.”

तिचा आवाज चढला होता. भिकूबुवांनी मान डोलावली.

“या माडांना मी दर वर्षी मूठमूठ जाडं मीठ घालतो. आळ्यात.”

“घालू नका.”

“बरं.”

ते उठले. आकडीने एक शहाळं पाडलं, तासलं, तिच्या हातात दिलं. घाटी चढून आलेली. ती घटाघटा प्यायली.

“कसं आहे?”

“गोड.”

…

“माडाचं वेगळं असतं,” तोंड पुसत ती म्हणाली.

“हं. माडाचं वेगळं असतं.”

तिने शहाळं खाली ठेवलं आणि वर पाहिलं. आठही माड घडांनी लगडलेले होते. तिला आता एक गोष्ट दिसली. इतके दिवस ती रोज डोळ्यांसमोरच होती.

“बुवा, इथे तर सगळीकडे जांभाच आहे. मग हे एवढे कसे धरले?”

“बावीस वर्षं एक माणूस दोन बादल्या आणत होता,” भिकूबुवा म्हणाले. “निवडत नव्हता.”

…

वारा होता. झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

“बाबा इथे काय बोलायचे?” तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“काही नाही. बादली ओतायचा. विसळायचा. ‘बुवा, आज माणसं पोटभर जेवली,’ म्हणायचा, नाहीतर ‘आज आमटी राहिली, काहीतरी चुकलं.’ मग जायचा.”

“माझ्याबद्दल?”

“शेवटचा आला तेव्हा हाताला मोहरीचा वास होता. पोरीसाठी लोणचं घातलं म्हणाला. सुट्टीला येईल, जाताना घेऊन जाईल.”

मैथिली खाली बघत राहिली.

“मला फोन केला होता त्यांनी,” ती म्हणाली. “मी घाईत होते. म्हटलं, नको बाबा, तेलकट असतं, विमानात सांडतं. इथे सगळं मिळतं.”

“मग?”

“‘बरं’ म्हणाले. आठव्या दिवशी गेले.”

“आणि लोणचं?”

“फडताळात आहे. बरणी.”

“उघडलीस?”

“नाही.”

“का गो?”

“बुरसलं असेल तर…”

“तर?”

“टाकावं लागेल.”

भिकूबुवांनी खाली पडलेलं शहाळ्याचं टरफल उचललं आणि उगीच इकडून तिकडे ठेवलं.

“उद्या ये,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बादलीत तळाशी उष्टं होतं. आमटीत कालवलेला भात, अर्धी भाकरी, चघळलेल्या शेंगा. भिकूबुवांनी ती ओतली. तिने नेहमीपेक्षा जास्त सुकी पानं पसरली, इतकंच.

त्या आठवड्यात खड्डा तापला. सकाळी तिने पानं बाजूला केली तर आतून वाफ आली. तिने थर्मामीटर काढला, आणि मग तो बाजूला ठेवून हातच घातला.

“बुवा! या! हात घालून बघा!”

भिकूबुवांनी खाली वाकून हात घातला. दोघं तसेच थोडा वेळ, कोपरापर्यंत उकिरड्यात, हसत राहिले.

वैशाख आला. खड्ड्यातला माल तिने तीनदा वरखाली केला. ढीग निम्म्याने बसला. काळा झाला, मोकळा झाला. मुठीत दाबला तर गोळा होई आणि बोट लावलं तर फुटे. आमटी, बांगडा, दुधी, कुणाचाच वास राहिला नव्हता. ओल्या मातीचा तेवढा येत होता. अंड्याची टरफलं मात्र अजून पांढरी चमकत होती.

“झाड कोणतं लावतेस?” भिकूबुवांनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

तिने असं म्हटलं हे तिलाच उशिरा कळलं.

भिकूबुवांनी पडवीच्या कडेला बोट दाखवलं. सावलीत एक नारळ अर्धा मातीत पुरलेला होता. त्याला वीतभर उंचीचं हिरवं पान फुटलं होतं. नारळ मधू मयेकरांच्या बादल्यांवर पोसलेल्या माडाचाच.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी तिने मठामागे खणायला घेतलं. हातभर खोल गेली आणि पहार खणकन वाजली. जांभा. तिने पुन्हा घाव घातला. ठिणगी उडाली. पुन्हा घातला. तळहाताला फोड आले तरी ती थांबेना.

“त्याला मारू नको,” मागून भिकूबुवा म्हणाले.

“फुटत नाही हा, बुवा! याच्याखाली मुळं जाणार कशी? हाही मरेल!”

“जांभा मारून फुटत नाही. आमच्याकडे खड्ड्यात मीठ घालतात. मग तो आपोआप भुसभुशीत होतो. हळूहळू.”

“किती दिवसांत?”

“पावसाळा जाईल.”

“बाबांचं वर्षश्राद्ध परवा आहे.”

“माडाला सांगून बघ. घाई कर म्हणावं.”

तिने पहार टाकली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. घाम गळत होता. कपाळावर लाल माती माखली होती.

“मला ते मरू द्यायचं नाहीय,” ती हळू आवाजात म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“मी तेव्हा नव्हते…”

“तेही ठाऊक आहे.”

भिकूबुवा तिच्या शेजारी बसले. खाडीवर भरती येत होती. दोघांनी ती येताना पाहिली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी घरी चुलतभावाने विधी केला. खानावळीत पंगत बसली. रेडकरांनी स्वतः वाढलं आणि कुणालाही मीठ मागावं लागलं नाही. दुपार कलल्यावर मैथिली सायकल ढकलत घाटी चढून आली.

हँडलच्या एका बाजूला बादली होती. दुसऱ्या बाजूला, जुन्या साडीच्या झोळीत, चिनी मातीची बरणी.

भिकूबुवांनी खड्ड्याशी रोप आणून ठेवलं होतं. शेजारी खताची घमेली. खत तिने आदल्या दिवशीच चाळलं होतं.

तिने झोळी सोडली. बरणी काठावर ठेवली.

“मीठ आणलंय, बुवा.”

…

बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला होता. सुतळीची गाठ आवळलेली, वर्षभरात अजूनच घट्ट झालेली. तिने नखाने ओढून पाहिली.

“कापू का?”

“घाई आहे?”

ती गाठ सोडत बसली. बापाचे हात कसे फिरले असतील, त्याच्या उलटे हात फिरवत. बराच वेळ गेला. भिकूबुवा माशी वारत बसून राहिले.

गाठ सुटली. तिने दादरा काढला. झाकण काढलं.

वरच्या फोडी बुरसल्या होत्या. पांढरी, हिरवट बुरशी. कडेने तेल आटलेलं.

“बघा,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. “मी म्हटलं होतं.”

भिकूबुवांनी डवली मागवली नाही, स्वतः उठून चुलीजवळून आणली. नारळाच्या करवंटीची, लांब दांड्याची. त्यांनी बुरसलेला थर बाजूबाजूने अलगद उचलला, साय काढावी तसा, आणि खड्ड्याच्या तळाशी, जांभ्यावर टाकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा डवली खोल गेली तेव्हा खालून तेल वर आलं.

वास आला. मोहरी, मेथी, हिंग.

खानावळीचं मागचं दार. चुलीसमोर बसलेला माणूस. शाळेतून आलेली एक मुलगी, दप्तर न काढताच पातेल्यात डोकावणारी.

डवलीत लालभडक फोडी होत्या, तेलात बुडालेल्या. भिकूबुवांनी वास घेतला. एक जिभेवर ठेवली. डोळे बारीक केले.

“वरचं खड्ड्याला,” ते म्हणाले. “खालचं पानाला.”

आणि एक फोड तिच्या तळहातावर ठेवली.

पहारीने आलेल्या फोडांवर मीठ झोंबलं. तिने हात मागे घेतला नाही. फोड तोंडात टाकली. आधी खारट. मग आंबट. मग तिखट, कानशिलापर्यंत.

“कसं आहे?”

तिने बोटांवरचं तेल चाटलं.

“मुरलंय,” ती म्हणाली.

मग तिने बरणी बंद केली आणि कामाला लागली, कारण काम उरलं होतं. घमेलं उचललं. आमटी, बांगडा, दुधी, कांदा, चहाचे ते पहिले दोन चमचे, सगळं काळं होऊन खड्ड्यात उतरलं. तिने गुडघे टेकले. रोप दोन्ही हातांनी उचलून मधोमध उभं केलं. नारळाभोवती खत दाबू लागली, बोटांनी, थोडं थोडं.

तिचे हात थांबले.

ती खड्ड्यावर तशीच ओणवी राहिली. खांदे हलू लागले. एक थेंब काळ्या खतावर पडला आणि आत जिरला. मग दुसरा. मग मोजता येईनात. वर्षभर तिने कांदा गार करून चिरला होता.

मग तिला एकदम भान आलं. ती झटकन मागे सरली आणि मातीच्या हाताने डोळे पुसू लागली.

भिकूबुवांनी तिचा हात धरून खाली घेतला.

“असू दे, गो. माडाला मीठ लागतं.”